गणिताचे अभ्यासमार्ग, अमेरिकी मिडल स्कूलमधील

अमेरिकेतील सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण 11 ते 14 वर्षांच्या मुलांनी गणिताचा कोणता भाग कोणत्या वर्षी शिकायचा, याच्या वेगवेगळ्या वाटा. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला गणिताचे दोन-तीन निरनिराळे वर्ग चालतात. मूल त्यांतल्या कोणत्या वर्गात बसले, यावर त्याचे बारावीपर्यंतचे गणित बरेचसे ठरून जाते. नेमलेला अभ्यासक्रम लवकर उरकून पुढचा हाती घेणे म्हणजे अ‍ॅक्सेलरेशन. आहे त्याच पातळीवर थांबून अधिक खोल, अधिक अवघड किंवा पुस्तकाबाहेरचे गणित करणे म्हणजे एनरिचमेंट. मराठीत यांना द्रुतगती आणि समृद्धी हे शब्द चपखल बसले असते, पण महाराष्ट्रात ते दोन्ही महामार्गांनी आधीच बळकावले आहेत.

राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेल्याला ही भानगड चटकन उमगत नाही. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती बरोबरीने चालतात. नववी-दहावीत बीजगणिताचा भाग 1 आणि भूमितीचा भाग 2 एकाच वर्षी असतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एका शाखेला अख्खे वर्ष दिले जाते: नववीत अल्जिब्रा 1, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा 2, बारावीत प्रीकॅल्क्युलस. काही शाळा यांची सांगड घालून मॅथ 1, 2, 3 असे विषय शिकवतात, पण पायऱ्या तेवढ्याच. या जिन्यात कॅल्क्युलसला, म्हणजे कलनाला, जागाच उरत नाही. अभियांत्रिकी किंवा विज्ञानासाठी नामांकित विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेल्या घरांना तर बारावीत कॅल्क्युलस हवेच असते. मग एक वर्ष कुठून तरी वाचवावे लागते, आणि ते वाचवण्याची रूढ जागा म्हणजे आठवी. आठवीत अल्जिब्रा 1 घ्यायचे तर त्याआधीची तीन वर्षे दोनांत बसवावी लागतात, म्हणजे निवड पाचवीच्या अखेरीस किंवा सहावीत होते. अकरा वर्षांच्या मुलाचा वर्ग असा सतराव्या वर्षाच्या कॅल्क्युलसपासून उलटे मोजत ठरतो.

वर्ष वाचवण्याच्या तऱ्हा दोन. एक, सरळ एक इयत्ता गाळणे. दुसरी, तीन वर्षांचा मजकूर न गाळता दोन वर्षांत दाटून शिकवणे. याला कॉम्पॅक्टेड वर्ग म्हणतात. 2010 साली कोणत्या इयत्तेत काय यायला हवे हे सांगणारी कॉमन कोर ही मानके आली आणि पुढे बहुसंख्य राज्यांनी ती स्वीकारली, तेव्हापासून गाळण्याचा प्रकार जोखमीचा झाला. आठवीच्या गणितात आता रेषेचा चढ, रेषीय फलने, दोन चलांतील समीकरणे आणि पायथागोरसचा सिद्धान्त आहे. ते गाळले की अल्जिब्रा 1 चा पायाच सुटतो. सहावी-सातवीतले गुणोत्तर-प्रमाण गाळले तर परिणाम उशिरा दिसतो: मूल समीकरण झटपट सोडवते आणि चढ म्हणजे काय हे विचारल्यावर गप्प बसते.

निवडीचा निकष देशभर एक नाही. सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, ताब्यात असतात, आणि तिचे मंडळ बहुधा निवडून आलेले असते. कुठे राज्याच्या वार्षिक परीक्षेचे गुण पाहतात, कुठे स्वतःची प्लेसमेंट टेस्ट घेतात, कुठे आयोवा विद्यापीठात तयार झालेली बीजगणिताची अभिक्षमता चाचणी लावतात, कुठे शिक्षकांची शिफारस चालते. शिफारस न मिळालेल्या मुलाचे पालक अर्ज करून वर्ग बदलून घेऊ शकतात, अशीही सोय बऱ्याच ठिकाणी आहे. तिचा लाभ अर्थातच ती माहीत असलेल्यांना होतो.

वेगाने पुढे नेण्याच्या कल्पनेला संशोधनाचे बळ दिले ते बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी. 1971 मध्ये त्यांनी गणितात विलक्षण गती असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यांची युक्ती साधी होती. इयत्तेच्या परीक्षेत हुशार मुले सगळीच 98-99 गुण मिळवतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक कळत नाही. म्हणून स्टॅनलींनी सातवी-आठवीच्या मुलांना कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेचा गणिताचा भाग सोडवायला दिला, आणि ती मुले गुणपट्टीवर दूरवर पसरली. पुढे जाऊ दिलेल्या मुलांचे नुकसान झाल्याचे या अभ्यासात आढळले नाही. मात्र ही मुले मुळात वेचून घेतलेली होती, हे हा दाखला देणारे पालक सोयीने विसरतात.

दुसरा प्रवाह हक्काच्या भाषेतून आला. नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते रॉबर्ट मोझेस यांनी 1982 मध्ये अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला; मतदानाच्या हक्कासाठी झगडलेल्या या माणसाच्या लेखी कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांसाठी बीजगणित हाही तसाच हक्क होता. हाच विचार वाढत जाऊन ‘आठवीत सर्वांना अल्जिब्रा’ अशी हाक निघाली. कॅलिफोर्नियाच्या राज्य शिक्षण मंडळाने 2008 मध्ये आठवीच्या सर्वांसाठी अल्जिब्राची परीक्षा सक्तीची करायचे ठरवले, पण न्यायालयाने ते अडवले. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट-मेक्लेनबर्ग येथे 2002 च्या सुमारास बऱ्याच मध्यम आणि कच्च्या मुलांनाही आठवीत अल्जिब्राला बसवले गेले. चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आणि जेकब विग्डोर या अर्थतज्ज्ञांनी तपासले तेव्हा अशा मुलांचे गुण घसरलेले आणि पुढची जॉमेट्रीही अडलेली दिसली. दार उघडले होते, पण पायऱ्या बांधल्या नव्हत्या.

याच्या अगदी उलटा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोने केला. तिथल्या मंडळाने 2014 मध्ये मिडल स्कूलमधून अल्जिब्रा 1 काढूनच टाकले: सर्वांनी आठवीचे गणित एकत्र शिकायचे, अल्जिब्रा नववीत घ्यायचे, आणि कॅल्क्युलस हवे असणाऱ्याने अकरावीत अल्जिब्रा 2 व प्रीकॅल्क्युलस एका वर्षात उरकायचे. वांशिक दरी कमी व्हावी हा हेतू. ऐपत असलेल्या घरांनी खासगी किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमातून अल्जिब्रा उरकून टाकले. वरच्या गणितातली दरी मिटल्याचे स्टॅनफर्डच्या संशोधकांना 2023 मध्ये दिसले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मंडळाने आठवीचे अल्जिब्रा परत आणायचे ठरवले, आणि मार्चमध्ये शहराच्या मतदारांनीही पाचांत चाराहून अधिक मतांनी तोच कौल दिला. शहराने आठवीच्या बीजगणितावर मतदान घ्यावे, यावरून या विषयाची धग कळते.

या दोन टोकांमध्ये एक शहाणा तोडगा टेक्ससमध्ये निघाला. 2023 च्या कायद्यानुसार पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या 40 टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत प्रगत वर्गात आपोआप घातले जाते. नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. डॅलसच्या शाळांत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. येथे मागावे लागत नाही, नाकारावे लागते. सगळी किमया तेवढ्या फरकात आहे.

एनरिचमेंटवर इतके वाद होत नाहीत, कारण ते बहुतांशी शाळेच्या वेळापत्रकाबाहेर घडते. मॅथकाउंट्स ही मिडल स्कूलची स्पर्धा 1983 पासून चालते. एएमसी 8 या आठवीपर्यंतच्या मुलांच्या गणित स्पर्धेत 40 मिनिटांत 25 प्रश्न असतात. पूर्व युरोपातल्या परंपरेतून आलेली गणित मंडळे, म्हणजे मुलांनी एकत्र बसून अवघड प्रश्न सोडवण्याचे मेळावे, विद्यापीठांच्या आधाराने भरतात. बर्कलीचे मंडळ बल्गेरियात वाढलेल्या गणितज्ञ झ्वेझ्देलिना स्टँकोवा यांनी 1998 मध्ये सुरू केले. तिथला प्रश्न कसा असतो? 1 ते 100 या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर त्याच्या शेवटी किती शून्ये येतील? यात बीजगणित नाही, लागतात फक्त मूळ अवयव. शून्य तयार व्हायला 2 आणि 5 ची जोडी लागते. 2 भरपूर आहेत, तेव्हा 5 मोजायचे: 5 च्या पटीतल्या संख्या 20, त्यांपैकी 25, 50, 75 आणि 100 यांत एकेक जास्तीचा 5, म्हणून 24. अल्जिब्रा 2 शिकलेला इथे अडखळू शकतो आणि सहावीतले पोर ते सोडवू शकते. तरीही पालकांचा ओढा वेगाकडेच असतो, कारण ‘आठवीत जॉमेट्री’ हे प्रगतिपुस्तकावर छापले जाते आणि शून्ये मोजल्याचा आनंद छापता येत नाही.

महाराष्ट्रात पहिली, वेगाची वाट जवळपास नाहीच. दुसरी, एनरिचमेंटची, जुनी आहे. शिष्यवृत्ती परीक्षा आणि गणित अध्यापकांच्या संघटनांच्या परीक्षा इयत्तेच्या मर्यादेत राहूनच कस पाहतात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन केलेले श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठाननेही शालेय मुलांसाठी याच अंगाने काम केले आहे. अडचण होते ती देश बदलणाऱ्यांची. आठवीत अल्जिब्रा 1 करून पुण्यात परतलेल्या मुलीसमोर नववीत भाग 2 चे पुस्तक येते आणि ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ ही मांडणी ती पहिल्यांदाच पाहते. इथून आठवी करून गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेच्या कार्यालयात विचारतात, कोणता कोर्स झाला आहे? त्याच्या हातातल्या गुणपत्रिकेवर फक्त ‘गणित’ एवढेच लिहिलेले असते.