नगर व प्रादेशिक नियोजनाचे विद्यापीठीय शिक्षण

शहरे, गावे आणि त्यांना जोडणारे प्रदेश यांतील जमीन, घरे, रस्ते, पाणी, रोजगार व मोकळ्या जागा यांचा पुढील वीस-पंचवीस वर्षांचा विचार करून आराखडे, नियम व धोरणे तयार करण्याचे शास्त्र व कौशल्य शिकविणारी विद्याशाखा. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. अशा तिन्ही पातळ्यांवर हे शिक्षण मिळते. अनेक देशांत साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी हीच व्यवसायात शिरण्याची मुख्य वाट आहे. वास्तुकला, स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा निरनिराळ्या शाखांतून आलेले विद्यार्थी तेथे एकाच वर्गात बसतात. पहिले काही महिने ते एकमेकांची परिभाषा समजून घेण्यातच जातात. वास्तुविशारदाला ‘घनता’ म्हटले की इमारतींचा आकार दिसतो, अर्थतज्ज्ञाला जमिनीचा भाव, तर अभियंत्याला सांडपाण्याच्या नळाचा व्यास. जमिनीच्या एकाच तुकड्याबद्दल ही सगळी माहिती एकत्र आणून एका निर्णयापर्यंत पोहोचणे, हे या शिक्षणाचे खरे काम आहे.

विषयाच्या नावातील ‘प्रादेशिक’ हा शब्द शोभेसाठी नाही. शहराचे पाणी दूरच्या धरणातून येते, कचरा हद्दीबाहेर जातो, कामगार शेजारच्या गावांतून येतात. शहराच्या हद्दीपुरता केलेला आराखडा हे प्रश्न शेजाऱ्यांच्या अंगणात ढकलतो. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. राज्यांच्या सीमा बाजूला ठेवून नदीचे खोरे हेच नियोजनाचे एकक मानण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि आजही अभ्यासक्रमांत त्याच्या यशापयशाची चर्चा होते.

इतिहास

आखीव नगरे प्राचीन काळापासून बांधली गेली, पण विद्यापीठीय विषय म्हणून नियोजनाचा आरंभ १९०९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात झाला. साबण उद्योजक विल्यम लीव्हर यांच्या देणगीतून तेथे नगररचनेचा विभाग सुरू झाला. स्टॅनली ॲड्सहेड हे त्याचे पहिले प्राध्यापक. ब्रिटनमधील नगररचनेचा पहिला कायदाही १९०९ चाच, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्याने काम निर्माण केले आणि ते करणारी माणसे घडविण्याची गरज लगेच उभी राहिली. ॲड्सहेड यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी पुढे १९४४ चा बृहद् लंडनचा आराखडा तयार केला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९२९ मध्ये नगर नियोजनाची स्वतंत्र शाळा काढली. भारतात दिल्ली येथे १९५५ मध्ये नगर व ग्राम नियोजनाची शाळा सुरू झाली.

या सर्वांइतकाच, किंबहुना अधिक, खोल ठसा एका जीवशास्त्रज्ञाचा आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी ‘आधी पाहणी, मग आराखडा’ हे सूत्र रुजविले. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा एक उभा छेद काढून ते प्रत्येक उंचीवरची माती, वनस्पती आणि तिथल्या माणसांचा व्यवसाय एकत्र दाखवीत. वर खाणकामगार व लाकूडतोडे, मध्ये मेंढपाळ व शेतकरी, खाली कोळी. स्थळ, काम आणि लोक यांना वेगळे काढता येत नाही, हे एका चित्रातून सांगणारी ही रीत अजूनही पहिल्या सत्रात शिकविली जाते. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्त्या सरसकट पाडून टाकण्याऐवजी कमीत कमी पाडापाड करून त्या सुधाराव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे शिक्षण प्रामुख्याने वास्तुकलेच्या छायेत राहिले, म्हणजे आराखडा ही एक मोठी आकृती मानली जाई. शिकागो विद्यापीठाने १९४७ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाने नियोजनाची मांडणी सामाजिक शास्त्रांच्या पायावर केली. तो कार्यक्रम १९५६ मध्ये बंद पडला, तरी तेथून बाहेर पडलेल्यांनी अन्य विद्यापीठांत तीच दिशा नेली.

शिकविले जाणारे विषय

नियोजनाचा इतिहास व सिद्धान्त, भूवापर, गृहनिर्माण, वाहतूक, पर्यावरण, पायाभूत सुविधा, नागरी अर्थव्यवस्था, नियोजनाचे कायदे आणि स्थानिक प्रशासनाचा अर्थव्यवहार हे विषय बहुतेक सर्वत्र असतात. त्यांच्या जोडीला विश्लेषणाच्या पद्धती येतात. विद्यार्थी त्यांना घाबरतात, पण त्यांतले गणित बहुधा सोपे असते; कठीण असते ते उत्तराचा अर्थ लावणे. उदाहरणार्थ, एखाद्या प्रदेशातील कामगारांपैकी १२ टक्के वस्त्रोद्योगात असतील आणि संपूर्ण देशात हे प्रमाण ४ टक्के असेल, तर त्या प्रदेशाचा स्थान-गुणांक, म्हणजे प्रदेशातील प्रमाणाला देशातील प्रमाणाने भागून येणारा आकडा, ३ येतो. भागाकार शाळकरी मुलालाही जमेल. पण हा ३ प्रदेशाचे बळ सांगतो की एकाच धंद्यावर विसंबून राहण्याचा धोका, हे आकड्यात लिहिलेले नसते.

लोकसंख्येच्या अंदाजाचेही तसेच. एकूण आकडा पुढे वाढवत नेण्याऐवजी विद्यार्थी पाच-पाच वर्षांचे वयोगट करतात आणि प्रत्येक गटाला जन्म, मृत्यू व स्थलांतराचे दर लावतात. दोन शहरांची भावी लोकसंख्या सारखी येऊनही एकाला शाळा लागतील आणि दुसऱ्याला वृद्धांसाठी दवाखाने, हे या पद्धतीने दिसते. जन्म-मृत्यूंचे दर बहुधा सावकाश बदलतात. अंदाज चुकतो तो मुख्यतः स्थलांतरामुळे, कारण एक कारखाना उघडला किंवा बंद पडला तरी माणसांचा ओघ फिरतो.

वाहतुकीत चार पायऱ्यांचे प्रारूप शिकविले जाते. किती फेऱ्या होतील, त्या कोठून कोठे जातील, कोणत्या वाहनाने होतील आणि कोणत्या रस्त्यावर पडतील, अशा क्रमाने गणित पुढे सरकते. त्यातील उणीवही चांगले शिक्षक लगेच दाखवितात. वाढीव रहदारी गृहीत धरून रस्ता रुंद केला की नवा रस्ता आणखी वाहने ओढून घेतो. पर्यावरणाच्या विश्लेषणात नकाशांचे थर एकावर एक ठेवण्याची पद्धत वापरतात. उतार, पूररेषा, जमिनीचा कस, जंगल असे थर एकत्र पाहिले की बांधकामाला कोठे हात लावू नये ते कळते. इयन मॅक्हार्ग यांनी १९६० च्या दशकात पारदर्शक कागदांवर ही पद्धत लोकप्रिय केली. आता हेच काम संगणकावर जीआयएसच्या (भौगोलिक माहिती प्रणालीच्या) साहाय्याने होते आणि ते येणे अनिवार्य मानले जाते.

स्टुडिओ

या शिक्षणाचा गाभा स्टुडिओ आहे. विद्यार्थ्यांच्या गटाला खराखुरा भाग दिला जातो आणि सत्रभर पाहणी, विश्लेषण, पर्याय व प्रस्ताव या टप्प्यांतून जावे लागते. सुरुवात भूवापराच्या पाहणीने होते. हातात नकाशा घेऊन रस्ता न् रस्ता चालायचे आणि प्रत्येक भूखंडाला रंग द्यायचा. निवासी वापर पिवळा, उद्योग जांभळा, उद्याने हिरवी, हे संकेत बऱ्याच देशांत समान आहेत. पण भारतीय नकाशांत व्यापार निळा व सार्वजनिक वापर लाल असतो, तर अमेरिकेत नेमके उलटे. रंग देताना पहिल्याच गल्लीत अडचण उभी राहते. तळमजल्यावर दुकान, वर घर, मागच्या खोलीत शिलाईचे काम, अशा इमारतीला कोणता रंग? संध्याकाळी दोन तास भरणाऱ्या बाजाराला नकाशावर जागा कोठे? भाड्याने राहणारे, रस्त्यावर विकणारे, पाणी भरायला दुसऱ्या वस्तीत जाणारे लोक अधिकृत कागदांत सापडत नाहीत, ते या चालण्यात भेटतात. व्याख्यानांतून हे सांगता येते. पटते मात्र पायांनीच. म्हणून उपग्रहाची छायाचित्रे हाताशी असली तरी प्रत्यक्ष पाहणीचे तास कमी करणारे अभ्यासक्रम आपल्या विद्यार्थ्यांचे मोठे नुकसान करतात.

सत्राच्या शेवटी प्रस्ताव ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांच्या मंडळापुढे, मांडावा लागतो. चांगली ज्युरी रेखाटनाच्या देखणेपणावर थांबत नाही. या रस्त्यासाठी किती घरे हटवावी लागतील, पैसा कोण देणार, हे प्रत्यक्षात आणण्याचा अधिकार कोणत्या यंत्रणेकडे आहे, असे प्रश्न विचारते. गटातील मतभेदही शिक्षणाचाच भाग ठरतात, कारण व्यवसायात एकट्याने काढलेला आराखडा सहसा नसतोच.

आराखडा कोणासाठी, हा प्रश्न अभ्यासक्रमात उशिरा शिरला. १९६१ मध्ये जेन जेकब्स यांनी वरून लादलेल्या पुनर्विकासावर कठोर टीका केली. १९६५ मध्ये पॉल डेव्हिडॉफ यांनी नियोजनकाराने दुर्बल गटांची बाजू वकिलासारखी मांडावी, असा विचार पुढे आणला. १९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांची दिशाभूल आहे आणि टोकाला लोकांचे नियंत्रण. बैठक घेतली म्हणजे सहभाग झाला, हा समज तिने खोडून काढला. १९७३ मध्ये रिट्टेल व वेबर यांनी दाखविले की नियोजनाच्या प्रश्नांना अंतिम, बरोबर असे उत्तरच नसते. प्रश्नाची व्याख्या करतानाच उत्तराची बाजू ठरते. यामुळे गणिती पद्धती निरुपयोगी ठरल्या नाहीत, पण त्यांच्याबरोबर वाटाघाटी, मुलाखती व नीतिविचार शिकविणे आवश्यक झाले.

अजूनही एक दुखणे आहे. शहराच्या रचनेची शिकागोवरून बेतलेली वलयांची आकृती (१९२५) किंवा दक्षिण जर्मनीच्या अभ्यासातून आलेला लहान-मोठ्या गावांची उतरंड व त्यांतील अंतरे समजावणारा वाल्टर क्रिस्टालर यांचा केंद्रस्थान सिद्धान्त (१९३३) जगभर पाठ करून घेतले जातात. ज्या शहरांत निम्मी घरे कोणत्याही परवान्याविना उभी राहिली, त्यांना या आकृत्या फारशा लागू पडत नाहीत. अशा वस्त्यांना केवळ नियमभंग न मानता तीही शहर घडण्याची एक रीत आहे, असे समजून अभ्यास करणारे विभाग आज या विषयाला सर्वांत मोलाची भर घालीत आहेत.

अनेक देशांत व्यावसायिक संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देतात. ब्रिटनमधील अशी संस्था १९१४ मध्ये, तर भारतातील १९५१ मध्ये स्थापन झाली. पदवीधर नगरपालिका, राज्यांची नियोजन खाती, विकास प्राधिकरणे, सल्लागार कंपन्या, संशोधन संस्था व स्वयंसेवी संघटना यांत काम करतात. नव्या पदवीधराच्या टेबलावर पहिल्या दिवसांत बहुधा मोठा आराखडा येत नाही. येतात भूवापर बदलाचे अर्ज, बांधकाम परवानग्या आणि नागरिकांच्या हरकती. अशा वेळी नियमावलीतील एका शब्दावर कोणाचे घर राहते वा जाते. कायद्याचा पेपर कंटाळवाणा म्हणून मागे टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी अशा हरकतींच्या सुनावणीला एकदा तरी नेऊन बसवावे.