रॅमच्या लेबलवरचा नॅनोसेकंद कुठे गेला?

नव्वदच्या दशकात ईडीओ रॅम (तेव्हाची संगणकाची मेमरी) घ्यायला गेलं की विचारायचे, ‘साठची की सत्तरची?’ म्हणजे ६० किंवा ७० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग). प्रोसेसरनं मागितल्यापासून डेटा हाती येईपर्यंतची वाट थेट चिपवरच छापलेली. मग क्लॉकच्या ठोक्यावर चालणारी एसडीरॅम आली आणि लेबलवर पीसी६६, पीसी१००, पीसी१३३ असे मेगाहर्ट्झ झळकू लागले. वाट पाहण्याचा काळ सीएल (कॅस लेटन्सी) या छोट्या आकड्यामागे जाऊन बसला, तोही क्लॉकच्या ठोक्यांत मोजलेला.

ठोके पुन्हा नॅनोसेकंदांत आणणं सोपं आहे: सीएल गुणिले २०००, भागिले डीडीआरचा (एसडीरॅमच्या पुढच्या, एका ठोक्यात दोनदा डेटा देणाऱ्या पिढीचा) लेबलवरचा वेग. वीसेक वर्षांपूर्वी हौशी मंडळी डीडीआर-४०० सीएल२ मिरवायची, उत्तर १० नॅनोसेकंद. आजच्या डीडीआर५-६००० सीएल३० चं? तेही १०. (जुन्या ६० मध्ये चिपमधली हवी ती बिटांची ओळ उघडण्याचा वेळही धरलेला असे, त्यामुळे तो आकडा याच्या शेजारी ठेवू नका.) वेगाचा आकडा पंधरापट झाला, वाट तेवढीच.

याचं मूळ १९६६ सालचं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवायची युक्ती काढली. हीच डीरॅम; रॅम स्वस्त झाली ती त्यामुळे. पण त्या चिमुकल्या कपॅसिटरमधला विजेचा भार इतका थोडा, की तो ओळखायला वेळ लागतोच. म्हणून डीडीआरनं एका खेपेत दोन बिट उचलले, डीडीआर२ नं चार, डीडीआर३ नं आठ. गाडी तीच, डबे वाढले.

नुसत्या वेगाच्या आकड्याला भुलून हात पोळल्याचं मोठं उदाहरण रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅमचं. इंटेलनं २००० साली पेंटियम ४ प्रोसेसर या आरडीरॅमवर बांधला. ही रॅम इतकी महाग, की प्रोसेसरच्या खोक्यातच तिच्या पट्ट्या द्यायची वेळ आली. पुढच्याच वर्षी आय८४५ चिपसेट (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या चिप) आणून इंटेलला साध्या एसडीरॅमकडे वळावं लागलं. भावांचा तर वेगळाच तमाशा: १९९९ ते २००२ मध्ये कंपन्यांनी संगनमतानं डीरॅमचे भाव ठरवल्याबद्दल २००५ साली अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी डॉलरचा दंड झाला.

२००७ मध्ये डीडीआर३ सोबत इंटेलनं एक्सएमपी (एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल) आणलं. विक्रेत्यानं तपासलेली वेगाची आणि सीएलसारखी टायमिंग्ज पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असतात. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ती चालू करायची. न केल्यास ६००० ची पट्टी बहुधा ४८०० वरच, सीएल४० ने चालते. म्हणजे साडेसोळा नॅनोसेकंदांहून जास्त, आणि पैसे मोजलेले १० चे.