शिजवलेला पास्ता गोठवणे व पुन्हा गरम करणे

उकडून निथळलेला पास्ता, नुसता किंवा सॉससह, घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला साठवायचा आणि लागेल तसा गरम करून खायचा, अशी ही पद्धत आहे. मुलांचा डबा आणि कामावरून उशिरा परतणाऱ्यांचे रात्रीचे जेवण ही तिची नेहमीची निमित्ते. गोव्यातल्या घरांत फ्रीझरवर पहिला हक्क मासळीचा असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांसाठी साफ केलेला बांगडा, सुंगटे (कोळंबी) आधीच भरून ठेवलेली असतात आणि पास्त्याला उरलेला कोपरा मिळतो. तरीही फ्रीझरमध्ये पास्ता सहसा बिघडत नाही. त्याचे भवितव्य त्याआधीच, पातेल्यात आणि ओट्यावर ठरलेले असते.

पोत का बदलतो

चांगला सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतल्या, रव्याचा असतो. त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असल्याने उकळताना स्टार्च बाहेर सांडत नाही. मैद्याच्या स्वस्त पास्त्यात ही जाळी कमजोर असते. तो गोठवून पुन्हा तापवला की लगदा होतो आणि यावर उपाय नाही.

शिजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो. निवताना त्याचे रेणू पुन्हा रांगेत बसू लागतात, थोडे पाणी बाहेर टाकतात आणि पास्ता कडक होतो. सकाळच्या शिरवळ्या (तांदळाच्या शेवया) संध्याकाळी ताठ होतात आणि वाफ दिली की पुन्हा मऊ पडतात, त्यामागे हीच क्रिया आहे. ती सर्वांत जोरात चालते फ्रीजच्या साध्या कप्प्यात, ० ते ४ अंशांच्या आसपास. खोल गोठणात ती जवळजवळ थांबते. त्यामुळे चार दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या पास्त्यापेक्षा महिनाभर गोठवलेला पास्ता ताटात बरा लागू शकतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे.

दुसरे कारण बर्फ. पाणी सावकाश गोठले की स्फटिक मोठे होतात आणि पास्त्याची जाळी फाडतात. म्हणून पास्ता खोल डब्यात ठासून भरण्यापेक्षा पिशवीत दोनेक सेंटिमीटर जाडीचा सपाट थर करून ठेवावा. तो लवकर गोठतो, वितळतोही लवकर, आणि मासळीच्या पिशव्यांमध्ये उभा सरकवता येतो.

पूर्वतयारी

पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटे आधी पास्ता उतरवावा, कारण उरलेले शिजणे पुन्हा तापवताना होते. लगेच खायच्या पास्त्यावर गार पाणी ओतलेले इटालियन स्वयंपाकात चालत नाही. गोठवायच्या पास्त्याला मात्र ते हवेच, नाहीतर तो आपल्याच उष्णतेने शिजत राहतो. गोव्यात मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी कोमटच असते, तेव्हा त्यात बर्फ घालावा. मग चाळणीत नीट निथळून, चमचाभर तेल चोळून, ताटात पसरून तासभर गोठवावा आणि सुटा झाला की पिशवीत भरावा. पेने, फुसिली, मॅकरोनी हे जाड आकार टिकतात. स्पॅगेटीची एका माणसापुरती गुंडाळी करून ठेवावी. अगदी बारीक शेवयांसारखे प्रकार गोठवण्याच्या भानगडीत पडू नये.

सॉसचे प्रत्येकाचे वेगळे. टोमॅटोचा सॉस उत्तम टिकतो. मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस वितळताना पाणी सोडतो. तो घोटून बराचसा सावरतो, पण पूर्वीसारखा होत नाही. नारळाचे दूधही फुटते. चोरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घातलेला पास्ता चवीला झकास, पण मीठ असलेली डुकराची चरबी फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होत जाते, म्हणून तो महिन्याच्या आत संपवावा. सुंगटे आणि तिसऱ्या (शिंपल्या) पुन्हा तापल्या की रबरासारख्या चिवट होतात, त्या खाण्याच्या दिवशीच घालाव्यात. बटाट्याच्या फोडी रवाळ होतात.

सुरक्षितता

पास्त्यातला खरा धोका बॅसिलस सेरियस या जिवाणूचा. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात आणि अन्न कोमट राहिले की वाढीला लागतात. त्यापैकी काही जाती उलट्या घडवणारे विष तयार करतात. ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, त्यामुळे ‘चांगले कढवले की झाले’ हा भरवसा इथे फोल ठरतो. बेल्जियममध्ये २००८ साली पाच दिवस खोलीच्या तापमानाला राहिलेली स्पॅगेटी तापवून खाल्ल्याने एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. इतके गंभीर प्रकरण विरळा, पण कारण नेहमीचेच.

शिजलेले अन्न दोन तासांत थंड कप्प्यात जावे असा संकेत आहे आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. गोव्याचा उन्हाळा दुसऱ्या नियमात बसतो. ‘पूर्ण निवू दे, मग ठेवू’ म्हणून पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय इथे सर्वांत महाग पडते. झाकण काढावे, उथळ ताटात पसरावे, वाफ गेली की आत ढकलावे.

एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा उणे १८ पर्यंत पोहोचतच नाही. त्यात पास्ता दोन आठवड्यांपलीकडे ठेवू नये. वेगळ्या फ्रीझरमध्ये एक ते दोन महिने चव टिकते. मासळीचा वास सॉसमधली चरबी ओढून घेते, म्हणून दुहेरी पिशवी बरी.

पावसात वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा रिकामा असेल तर २४ तास. घरी नसताना काय झाले ते कळण्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवतात. नाणे तळाशी गेलेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे आणि पास्ता टाकून द्यावा.

पुन्हा गरम करणे

नुसता पास्ता वितळवायची गरज नाही. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून लगेच निथळावा. सॉसचा पास्ता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढावा, ओट्यावर नव्हे. मग कढईत पाण्याचा शिपका देऊन झाकण घालून मंद आचेवर तापवावा. मायक्रोवेव्हमध्ये बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी मात्र शोषते. त्यामुळे एक कोपरा चरचरतो आणि मधला गोळा गारच राहतो. मध्ये थांबून ढवळणे हाच त्यावर उतारा. लझान्या फॉइलने झाकून ओव्हनमध्ये १८० अंशांना ठेवावा. पद्धत कोणतीही असो, आतपर्यंत ७४ अंश गाठावेत. एकदा तापवलेला पास्ता परत गोठवू नये.

सोपा ग्रोसासारख्या गोव्याच्या घट्ट सूपात मॅकरोनी पडते, तिथे क्रम उलटा ठेवावा. सूप मॅकरोनीशिवाय गोठवावे, कारण आत राहिलेली मॅकरोनी रस पिऊन फुगते आणि सूपाची खीर होते. मूठभर कोरडी मॅकरोनी सूप उकळताना घातली की पुरते.