पालकाला खुर्ची मिळायला ११० वर्षं लागली: इंग्लंडच्या स्कूल गव्हर्नरची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये मूल शाळेत जायला लागलं की कधीतरी शाळेकडून एक ईमेल येतो, पेरेंट गव्हर्नरची, म्हणजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात पालकांमधून येणाऱ्या सदस्याची, जागा रिकामी आहे, कुणाला उभं राहायचंय का. बहुतेक पालक तो वाचून सोडून देतात. मीही पहिल्यांदा सोडून दिला होता, दुसऱ्यांदा आला तेव्हा अर्ज केला आणि मग चार वर्षं ते काम केलं. काम करता करता एक गोष्ट कळली, की पालकाने त्या टेबलाशी बसणं आज इतकं साधं वाटतं, पण ती जागा सहजासहजी मिळालेली नाही. म्हणून हे सगळं मुळापासून सांगावंसं वाटतंय.

आधी गव्हर्नर करतो काय ते. शाळा रोजच्या रोज चालवायची ती हेडटीचरनेच, गव्हर्नरने वर्गात जाऊन शिक्षकाला शिकवायचं नसतं. गव्हर्निंग बॉडीची, म्हणजे या गव्हर्नरांच्या मंडळाची, कामं मुख्य तीन, शाळेची दिशा ठरवणं, मुलांच्या प्रगतीबद्दल हेडटीचरला जाब विचारणं आणि पैसा नीट खर्च होतोय का ते बघणं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांमध्ये असे अडीच लाखांच्या आसपास लोक आहेत, आणि या कामाचा त्यांना पगार मिळत नाही, फार तर जाण्यायेण्याचा किंवा मुलं सांभाळायला कुणाला ठेवलं त्याचा खर्च मिळतो.

शब्द तसा खूप जुना. सोळाव्या शतकात सहाव्या एडवर्ड राजाच्या नावाने ज्या ग्रामर स्कूल सुरू झाल्या त्यांच्या सनदांमध्येसुद्धा गव्हर्नर आहेत. पण ते म्हणजे गावातले वजनदार लोक, जमिनी आणि देणग्या सांभाळणारे. शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईबापाला तिथे कोण विचारतंय.

खरी गोष्ट सुरू होते १८७० मध्ये. त्या वर्षीच्या शिक्षण कायद्याने जिथे शाळा कमी पडतात तिथे स्कूल बोर्ड, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं, निवडून आणायची सोय केली, आणि मला यातला सगळ्यात भारी भाग हा वाटतो की बायकांना पार्लमेंटसाठी मत द्यायचा हक्क मिळायला अजून ४८ वर्षं बाकी होती, पण स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला त्या उभ्या राहू शकत होत्या. मतदानाची पद्धतही वेगळीच, जितक्या जागा तितकी मतं, आणि वाटलं तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची, त्यामुळे लहान गटांनाही आपला माणूस निवडून आणता यायचा. लंडनच्या पहिल्या निवडणुकीत मेरिलबोन भागातून एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टर बाई ४७ हजारांहून जास्त मतं घेऊन पहिल्या आल्या, आणि त्याच भागातून उभे असलेले नामवंत शास्त्रज्ञ थॉमस हक्सली त्यांच्या कितीतरी मागे राहिले. एमिली डेव्हिस याही त्याच वेळी लंडनच्या दुसऱ्या भागातून निवडून आल्या.

आणि १८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्समधून याच लंडन बोर्डावर निवडून आल्या अ‍ॅनी बेझंट. हो त्याच, ज्या पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. आपण त्यांना होमरूलमुळे ओळखतो, पण त्याआधी लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना शाळेत जेवण मिळालं पाहिजे म्हणून त्या भांडत होत्या. उपाशी पोराच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही हे बोर्डाच्या टेबलावर कुणीतरी बोलायला लागतं, आणि ते बोलायला त्यांना लोकांनी निवडून दिलं होतं.

१९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्ड बंद झाली आणि शिक्षण गेलं कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेच्या, हातात. व्यवस्था एका छत्राखाली आली हे बरं झालं, पण शाळेसाठी थेट निवडून येणारी माणसं गेली. बायकांचं तर जास्तच नुकसान, कारण काउंटी कौन्सिलला तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं, तो हक्क १९०७ मध्ये मिळाला, मधल्या काळात शिक्षण समितीवर त्यांना नेमून घेतलं जायचं एवढंच.

१९४४ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला तिचं स्वतःचं मंडळ असावं असं लिहिलं. पण त्यातही फरक ठेवलाच, प्रायमरी शाळेला 'मॅनेजर' आणि सेकंडरीला 'गव्हर्नर'. आधीपासून गरिबांच्या प्राथमिक शाळांना मॅनेजर म्हणायचे आणि वरच्या शाळांना गव्हर्नर, तोच भेद पुढे चालू राहिला. वर कौन्सिलला बऱ्याच शाळा एकाच मंडळाखाली घालायची मुभा होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती वापरली गेली, मग पक्षाचे नगरसेवक एका संध्याकाळी बसून ढीगभर शाळांचे कागद पुढे सरकवायचे. पालक त्यात असलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही नव्हतं. मुलाला वाचता येत नाही म्हणून काळजीत असलेल्या आईने जायचं कुठे?

तो प्रश्न सत्तरच्या दशकात पेटला. उत्तर लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या विल्यम टिंडेल ज्युनिअर स्कूलमध्ये १९७४-७५ ला शिकवायच्या पद्धतीवरून शिक्षक एकीकडे आणि पालक-मॅनेजर दुसरीकडे असं मोठं भांडण झालं, पेपरात गाजलं, आणि चौकशीचा अहवाल १९७६ मध्ये आला तेव्हा उघडं पडलं की शाळा बिघडली तर जबाबदार नक्की कोण हेच कुणाला धड ठाऊक नाही. याच सुमारास, १९७५ मध्ये, टॉम टेलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिचा १९७७ चा अहवाल माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. म्हणणं सरळ होतं, प्रत्येक शाळेला स्वतःचं मंडळ द्या आणि त्यात कौन्सिल, शाळेचा स्टाफ, पालक आणि परिसरातले लोक यांचा सारखा वाटा ठेवा. समितीत जोन सॅलिस या पालक म्हणून चळवळीत आलेल्या बाईही होत्या, त्या पुढे आयुष्यभर साध्या गव्हर्नरांना हे काम समजावून सांगत राहिल्या.

मग कायदे पटापट आले. १९८० मध्ये मॅनेजर हा शब्द गेला, सगळेच गव्हर्नर झाले, आणि निवडून आलेले पालक आणि शिक्षक मंडळात घ्यायचं कायद्याने ठरलं. १८७० पासून मोजलं तर ११० वर्षं. १९८६ च्या कायद्याने कौन्सिलचं बहुमतही काढलं, म्हणजे ६०० किंवा त्याहून जास्त मुलं असलेल्या शाळेत कौन्सिलचे पाच तर पालकही पाच. आणि १९८८ च्या कायद्याने बजेटच शाळेच्या हातात आलं, त्याने कामाचं वजनच बदललं, कारण तोपर्यंत मत मांडायचं होतं आणि आता हिशोबावर सही करायची होती.

नंतरचं थोडक्यात सांगते. २०१० पासून अकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या हाताबाहेरच्या, सरकारकडून थेट पैसा घेणाऱ्या आणि ट्रस्टने चालवलेल्या शाळा, वाढल्या, अनेक शाळा एका ट्रस्टखाली गेल्या आणि खूप अधिकार ट्रस्टच्या बोर्डाकडे सरकले, शाळेच्या स्थानिक मंडळाकडे ट्रस्ट देईल तेवढेच उरले. २०१६ मध्ये तर सरकारने अकॅडमींमध्ये पालक गव्हर्नर असायची सक्तीच काढायचा प्रस्ताव आणला होता, विरोध झाल्यावर त्याच वर्षी तो मागे घेतला. मला याचा तेव्हाही राग आला होता आणि अजूनही येतो. कौशल्य असलेली माणसं हवीत हे बरोबर आहे, पण अकाउंटंट असणं हे कौशल्य आणि रोज संध्याकाळी त्याच शाळेतून आलेल्या मुलाचा चेहरा बघणं हे काहीच नाही, असं कसं? कौन्सिलच्या शाळांमध्ये आजही मंडळात किमान सात जण आणि त्यात किमान दोन पालक लागतात.

आता या कामातून मिळतं काय. सीव्हीवर एक ओळ वाढते हे खरं आहे, बजेट वाचायला शिकतो, हेडटीचरच्या निवडीच्या मुलाखती घेतो, आणि १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार नोकरीतून या कामासाठी वाजवी सुट्टी मागता येते, फक्त तिचा पगार द्यायची सक्ती मालकावर नाही. पण मला जे मिळालं ते वेगळंच. एखाद्या मुलाला हेडटीचरने शाळेतून कायमचं काढलं की तो निर्णय गव्हर्नरांच्या पॅनलसमोर येतो. तीन जण टेबलाच्या एका बाजूला, समोर आई आणि मुलगा, आईच्या हातात घडी घालून घालून मऊ पडलेला कागद, त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात मुद्दे लिहिलेले. तिचं बोलणं संपेपर्यंत कुणीही मध्ये तोंड घालायचं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही, पण आपण बसलोय ती खुर्ची कशासाठी आहे ते त्या दिवशी नीट कळलं.

आणि दर टर्मला लायब्ररीत मीटिंग. किमान सात दिवस आधी कागद येतात, ते घरी जेवण झाल्यावर पेन घेऊन वाचायचे. त्यात एक पान पुपिल प्रीमियमचं असतं, २०११ पासून मिळणारा जास्तीचा निधी, आणि तो मुख्यतः गेल्या सहा वर्षांत कधीतरी फ्री स्कूल मील्सला, म्हणजे शाळेतल्या मोफत जेवणाला, पात्र ठरलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतो. त्या पानावर आलो की मी दरवेळी तेच विचारायचे, हे पैसे ज्यांच्या नावाने आलेत त्या मुलांपर्यंत नक्की काय पोचलं, आणि उत्तर मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, लिहिलं जाईपर्यंत पुढच्या विषयावर जाऊ द्यायचे नाही.