वेब (इंदूरच्या मराठीच्या संदर्भात)

वेब म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या पानांचे, इंटरनेटवर चालणारे जाळे. वेब आणि इंटरनेट एकच, असे सर्रास समजले जाते. पण इंटरनेट हा रस्ता आहे आणि वेब ही त्यावरची एक वाहतूक. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला. पानाचा पत्ता (यूआरएल), पान मागवण्याची रीत (एचटीटीपी) आणि पान लिहिण्याच्या खुणा (एचटीएमएल) ही तिन्ही त्यांचीच देणगी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. पुढचा सारा पसारा या एका निर्णयावर उभा आहे.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट दिले. इंदूरचे नाव या इतिहासात लवकर येते: हिंदीतले पहिले पोर्टल म्हणून ओळखले जाणारे वेबदुनिया १९९९ मध्ये याच शहरातून सुरू झाले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली.

तेव्हाची खरी अडचण अक्षरांची होती. मराठीसाठी 'शिवाजी', हिंदीसाठी 'कृतिदेव' असे फाँट चालत. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. समोरच्याकडे तोच फाँट नसला की पत्राची भेळ होई, आणि शोधयंत्राला तर त्यातले काहीच कळत नसे. युनिकोड या जगभर एकच असलेल्या अक्षरसंकेताने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा घोळ मिटला. 'ॲप'मधला सुटा 'ॲ' मात्र त्यात २००८ साली, बराच उशिरा आला.

युनिकोड क्रमांक देते ते लिपीला, भाषेला नाही. त्यामुळे मराठी मजकुरातही ल आणि श बहुधा हिंदी वळणाचे दिसतात. पानाच्या मुळात भाषा मराठी असल्याची खूण घातली आणि फाँटात सोय असली, तर पाकळीचा ल उमटतो. इंदुरात ही गोष्ट केवळ डोळ्यांपुरती राहत नाही. इथे बहुतेकांच्या फोनवर कळफलक हिंदीचा. त्यावर ळ शोधावा लागतो, ऱ सहसा हाताशी नसतो. मग लग्नघरच्या ग्रुपवर 'आचाऱ्यांना पैसे द्या' याचे 'आचार्यांना पैसे द्या' होते आणि स्वयंपाक्याच्या ऐवजी गुरुजी खूश होतात! 'होळकर' हे नाव तर शहराचेच, पण पाट्यांवर 'होलकर'. माणसाला दोन्ही एकच. अक्षर न् अक्षर ताडून पाहणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द.

२००४ नंतर 'वेब २.०' हा शब्द रूढ झाला: वाचणाराच लिहू लागला. मराठी विकिपीडिया त्याआधीच, १ मे २००३ रोजी सुरू झाला होता. पुढे स्मार्टफोन आले, आणि २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर राजवाड्यापासून सुदामानगरापर्यंत वेब प्रत्येकाच्या खिशात गेली. त्याबरोबर ती मोजक्या ॲपांच्या कुंपणातही गेली. तिथला मजकूर शोधयंत्राला सहसा दिसत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाँटच्या तुरुंगाचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल. बर्नर्स-ली यांचा 'सॉलिड' हा प्रकल्प माणसाची माहिती त्याच्याच ताब्यात ठेवू पाहतो, पण अजून तरी तो तज्ज्ञांपुरता आहे.

आताचा ओघ पान उघडण्याकडून थेट उत्तर मिळवण्याकडे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तो वाढला. त्याच वर्षी केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी आणि आवाज ओळखण्यासाठी 'भाषिणी' सुरू केली. अशी यंत्रे उपलब्ध मजकुरावर शिकतात, आणि वेबवर हिंदी मराठीपेक्षा पुष्कळ जास्त आहे. हिंदीच्या शेजारात वाढलेली इंदुरी मराठी त्यांना बुचकळ्यात टाकू शकते. रामबागेतल्या एखाद्या आजींनी फोनला 'भुट्ट्याचा कीस कसा करायचा' असे विचारले, तर उत्तर हिंदीत येण्याचा संभव बराच. गंमत अशी, की पदार्थ मुळात इंदुरी असल्याने कृती बहुधा त्या हिंदी उत्तरातलीच सरस निघेल.