रंगमंचीय प्रकाशयोजनेतील रंगमिश्रण व एलईडी

रंगमंचीय रंगमिश्रण म्हणजे दोन किंवा अधिक रंगांचे प्रकाशझोत एकाच पृष्ठभागावर एकत्र आणून, अथवा पांढऱ्या प्रकाशातून काही रंग गाळून टाकून, नाट्यप्रयोगाला हवा तो रंग निर्माण करण्याची पद्धती. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या पद्धतीचे मुख्य साधन प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, हे होत गेले. त्यामुळे रंग वेगळ्या साधनाने तयार होऊ लागला, पण बदल तेवढ्यावर थांबला नाही. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन प्रकाश कापडावर आणि चेहऱ्यावर सारखे वागतीलच असे नाही, हा प्रश्न फिल्टरच्या काळात क्वचितच पुढे येई. एलईडीमुळे तो प्रकाशयोजनाकाराच्या रोजच्या कामात आला.

रंगीत प्रकाशाचा रंगमंचावरील आरंभ सामान्यतः सेबास्तिआनो सेर्लिओ या इटालियन वास्तुविशारदापर्यंत नेला जातो. त्याने १५४५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या, आपल्या वास्तुकलाग्रंथाच्या यथार्थदर्शनविषयक (पर्स्पेक्टिव्हवरील) भागात रंगीत पाण्याने भरलेल्या काचपात्रांमागे दिवे ठेवण्याची कृती सांगितली आहे. निळ्या रंगासाठी न्हाव्याच्या पितळी तस्तात नवसागराचे पाणी घोटावे, माणकासारख्या लालीसाठी तांबडे मद्य वापरावे, आणि प्रकाश जास्त हवा असल्यास दिव्यामागे चकचकीत तस्त परावर्तक म्हणून ठेवावे, असा तो तपशील आहे. मात्र या उताऱ्यावरून सेर्लिओ रंगीत प्रकाशयोजनेचा जनक ठरतो काय, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ही पात्रे रंगमंच उजळण्यासाठीच होती. दुसऱ्या मतानुसार ती नेपथ्यातील छिद्रांमागे ठेवलेली आरास होती आणि त्यांचे काम रत्नांसारखे चमकण्याचे होते. नटांवर रंग टाकणे हा त्यांचा हेतू नव्हता. मूळ वर्णनात रत्नांच्या उपमा वारंवार येतात आणि मेणबत्तीचा प्रकाश पाण्यातून पार होऊन फार दूर पोहोचणेही कठीण, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

एकोणिसाव्या शतकात वायुदीप आले आणि त्यानंतर चुन्याच्या तापलेल्या तुकड्याचा प्रखर लाइमलाइट आला, तेव्हा रंगीत काच व रेशमाचे पडदे दिव्यांपुढे बसवले जाऊ लागले. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात १८७८ पासून नट व नाट्यव्यवस्थापक हेन्री अर्व्हिंगने रंगीत लाखेचा थर दिलेल्या काचा वापरल्याचे उल्लेख आहेत. सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये विजेचे तापदीप आले आणि काचेच्या बल्बलाच रंग देणे शक्य झाले. त्यानंतरच्या दशकात लॉई फुलर हिने फिरत्या रेशमी वस्त्रांवर खालून व बाजूंनी रंगीत झोत टाकून केलेली नृत्ये पॅरिसमध्ये विशेष गाजली. या काळातले फुटलाइट, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेचे दिवे, आणि वरच्या दिव्यांच्या रांगा दोनतीन रंगांच्या मंडलांत विभागलेल्या असत. पण हे रंग दृक्‌शास्त्राने निवडलेले नव्हते. दिवस, रात्र व आग या नाटकाच्या नेहमीच्या गरजांवरून ते ठरत.

तीन मूळ रंगांच्या सिद्धांताचा आधार घेऊन रंगमंच उजळण्याची कल्पना प्रथम कोणाची, हा दुसरा वादाचा मुद्दा. सिद्धांत रंगमंचाच्या बराच आधीचा आहे. टॉमस यंग यांनी १८०२ मध्ये डोळ्यातील तीन प्रकारच्या संवेदकांची कल्पना मांडली, ग्रासमान यांनी १८५३ मध्ये मिश्रणाचे नियम सूत्रबद्ध केले, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लाल, हिरव्या व निळ्या झोतांनी चौकडीच्या फितीचे रंगीत चित्र पडद्यावर उमटवून दाखवले. नाट्यगृहात हे ज्ञान पोहोचायला सुमारे अर्धे शतक लागले. अमेरिकी लेखनात याचे श्रेय बहुधा बॉस्टनचे मन्रो पेव्हिअर यांना, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्यांच्या कामाबद्दल, दिले जाते. जर्मनीत त्याच सुमारास घुमटाकार सायक्लोरामासाठी, म्हणजे रंगमंचामागच्या आकाशाच्या पडद्यासाठी, अनेक रंगांच्या दिव्यांची योजना विकसित होत होती आणि ती तेथील नाट्यगृहांतून ब्रिटनमध्ये गेली. दोन्ही ठिकाणच्या गरजा निराळ्या होत्या. एकीकडे नटावरचा प्रकाश, तर दुसरीकडे आकाशाचा पडदा. त्यामुळे श्रेय एकाच व्यक्तीकडे देण्यापेक्षा ही समांतर वाटचाल मानणे बरे.

मिश्रणाचे दोन मार्ग : बेरजेच्या मिश्रणात वेगवेगळ्या रंगांचे झोत एकावर एक पडतात. लाल व हिरवा मिळून पिवळा, हिरवा व निळा मिळून सायन, लाल व निळा मिळून मॅजेंटा, म्हणजे साडीच्या दुकानातला राणी रंग, आणि तिन्ही मिळून पांढरा दिसतो. याची खूण हात धरून पाहता येते. तीन बाजूंना ठेवलेल्या तीन रंगांच्या दिव्यांनी पांढरा केलेल्या पडद्यापुढे हात धरला, तर सावली काळी पडत नाही. लाल अडला तेथे बोटांची सावली निळसर हिरवी, हिरवा अडला तेथे राणी रंगाची आणि निळा अडला तेथे पिवळी होते, आणि सावल्या जेथे एकमेकींवर येतात तेथे एकेकच मूळ रंग उरतो. वजाबाकीच्या मिश्रणात पांढऱ्या प्रकाशाच्या वाटेत फिल्टर येतो आणि नको असलेला भाग गिळतो. मराठी रंगमंचावर या फिल्टरला सर्रास जिलेटिन पेपर म्हटले जाते. प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनाचे मूळ तावे उष्णता व दमट हवेत टिकत नसत. त्यांची जागा अ‍ॅसिटेट आणि नंतर पॉलिएस्टर व पॉलिकार्बोनेट यांनी घेतली, तरी नाव तेच राहिले.

फिल्टरची मर्यादा गडद निळ्यात स्पष्ट होते. सुमारे ३२०० केल्व्हिन तापमानाच्या हॅलोजन दिव्यात निळ्या तरंगलांबीची ऊर्जा मुळातच थोडी असते. गडद निळा ताव उरलेली बहुतेक ऊर्जा शोषून तिची उष्णता करतो, म्हणून हजार वॅटच्या पार दिव्यापुढचा (परावर्तक आतच असलेल्या बंद बल्बच्या दिव्यापुढचा) असा ताव थोड्याच प्रयोगांत मध्यभागी फिकट होऊन अखेरीस भोक पडेपर्यंत जळतो. यावर उपाय म्हणून द्विवर्णी काच आली, जी नको असलेला प्रकाश शोषून न घेता परत फेकते. १९८१ मध्ये पहिल्यांदा मोठ्या संगीतदौऱ्यात वापरल्या गेलेल्या व्हॅरी-लाइट या फिरत्या दिव्यांत अशाच काचा होत्या. पुढे सायन, मॅजेंटा व पिवळ्या काचा हळूहळू झोतात सरकवून वजाबाकीचे अखंड मिश्रण करणे फिरत्या दिव्यांत रूढ झाले.

एलईडी : डायोडच्या प्रकाशाचा रंग अर्धसंवाहकाच्या ऊर्जा-फटीवर अवलंबून असतो, म्हणून रंग गाळून मिळवावा लागत नाही, तो उगमातच असतो. दृश्य लाल प्रकाशाचा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला. पण निळ्या डायोडशिवाय बेरजेचे मिश्रण अपुरे होते. इंडियम गॅलियम नायट्राइडवर आधारित तेजस्वी निळा डायोड १९९३ मध्ये जपानमध्ये नाकामुरा यांनी सिद्ध केला, आणि अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या कलर कायनेटिक्सने लाल, हिरव्या व निळ्या डायोडांची चमक संगणकाने बदलणारे दिवे बाजारात आणले. या कल्पनेच्या पेटंटवरून अमेरिकेत न्यायालयीन वादही झाले. तिरंगी मिश्रण आणि झपाट्याने चालू-बंद करून तेज कमी करणे या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या आधीपासून ज्ञात होत्या. त्यांचा संयोग नवा मानावा काय, हा वादाचा गाभा होता.

सुरुवातीचे तिरंगी दिवे पडदे व भिंती रंगवण्यापुरते ठीक होते. नटाच्या चेहऱ्यावर ते उघडे पडले. याचे कारण वर्णपटात आहे. लाल डायोडचा प्रकाश सुमारे ६२५ नॅनोमीटरभोवती, हिरव्याचा ५२५ भोवती आणि निळ्याचा ४६० भोवती अरुंद पट्ट्यांत असतो. ५७० ते ६०० या पट्ट्यात, म्हणजे पिवळ्या-नारिंगी भागात, जवळजवळ काहीच नसते. या तिघांचा पांढरा कोऱ्या पडद्यावर पांढराच दिसतो. पण भगवा शेला या फटीतला आणि त्यापलीकडचा प्रकाश परावर्तित करतो. हॅलोजनखाली त्याला नारिंगी व लाल दोन्ही मिळतात. तिरंगी पांढऱ्याखाली फक्त लाल मिळतो, आणि शेला तांबडा होऊन भडक दिसू लागतो. गव्हाळ कातडीही तशीच गुलाबीकडे झुकते. त्याउलट वरच्या पट्टीचा गर्द निळा आणि हिरवा हे डायोड हॅलोजनपेक्षा कितीतरी कमी विजेत देतात. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ प्रयोगांत रात्र उत्तम आणि दुपार आजारी अशी अवस्था असे.

उपाय दोन दिशांनी झाले. एक दिशा पांढऱ्या डायोडची, म्हणजे निळ्या डायोडवर पिवळ्या प्रस्फुरकाचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा, थर देण्याची. चौथा डायोड म्हणून पांढरा किंवा पिंगट-नारिंगी अँबर घातल्याने चेहरे सुधारले. दुसरी दिशा अधिक मूळ रंगांची. सेलाडोर या दिव्यांनी सात रंगांची मांडणी केली आणि २००९ मध्ये ती ईटीसी या अमेरिकी उत्पादकाकडे गेली. सु. २०१३ मध्ये याच उत्पादकाच्या सोर्स फोर दिव्याच्या एलईडी आवृत्तीत लिंबू रंगाचा डायोड आला, ही या विषयातली विशेष महत्त्वाची पायरी होय. ५४० ते ५९० नॅनोमीटरच्या दरम्यान थेट डायोडांची कार्यक्षमता घसरते, ज्याला तंत्रज्ञ हिरवी फट म्हणतात. लिंबू डायोड प्रस्फुरकाचा असल्याने तो याच भागात रुंद पट्टा देतो, आणि उजेडातील दृष्टी सर्वांत संवेदनशील असते ती तरंगलांबी, ५५५ नॅनोमीटर, त्याच पट्ट्यात येते. परिणामी पांढऱ्याला तेजही मिळाले आणि कातडीच्या रंगांना आधारही.

मूळ रंग तीनपेक्षा जास्त झाले की एक नवी मोकळीक मिळते आणि एक नवी जबाबदारीही येते. डोळ्याला एकच भासणारा फिकट जांभळा सात डायोडांच्या असंख्य प्रमाणांनी बनवता येतो. नियंत्रक त्यांतले एक प्रमाण निवडतो, आणि दुसरे निवडल्यास पडद्यावर फरक दिसत नाही, पण पैठणीच्या जरीवर व काठावर दिसतो. कॅमेरा हा तिसरा साक्षीदार. त्याचे संवेदक डोळ्यासारखे नसल्याने प्रेक्षागृहात जुळलेले दोन दिवे चित्रीकरणात वेगळे उमटू शकतात. प्रकाशाखाली रंग कितपत खरे दिसतात हे मोजणारा, पूर्वीपासून वापरला जाणारा वर्णदर्शन निर्देशांक अशा अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशाला नीट लागू पडत नाही, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकी प्रकाश-अभियांत्रिकी संस्थेने टीएम-३० ही अधिक नमुन्यांची पद्धत मांडली.

तेज कमी करणे हा वेगळाच विषय आहे. तापदीप मंद केला की तंतू थंड होतो आणि प्रकाश तांबूस होत विझतो. प्रेक्षकांना संध्याकाळची सवय या तांबूसपणानेच लागली आहे. डायोड मंद होताना रंग जवळपास तसाच ठेवतो, म्हणून आता ही लाली मुद्दाम गणिताने घातली जाते. शिवाय १९८६ पासून प्रचलित असलेल्या दिव्यांना आज्ञा पोहोचवणाऱ्या डीएमएक्स ५१२ या संकेतात एका चॅनलला २५६ पायऱ्या असतात. तापलेला तंतू थंड व्हायला वेळ घेतो आणि त्या पायऱ्या झाकून टाकतो. डायोडला तो आळस नाही, आणि ब्लॅकआउटपूर्वीच्या शेवटच्या दोन सेकंदांत प्रकाश उतरताना ठेचकाळतो. दोन चॅनल जोडून ६५,५३६ पायऱ्या घेणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. पाठीमागच्या पंख्याचा आवाज ही तक्रार त्यामानाने किरकोळ. तरी शांत प्रवेशात ती पहिल्या रांगेला कळते.

रंगमंचावरचे दिवे बाद होतील या भीतीने, युरोपीय संघाच्या ऊर्जाबचतीच्या प्रस्तावांमुळे २०१८ मध्ये नाट्यक्षेत्रात मोठा विरोध उभा राहिला आणि २०१९ च्या नियमांत रंगमंचीय दिव्यांसाठी सवलती ठेवण्यात आल्या.

भारतात : भारतीय रंगभूमीवर प्रकाशाला स्वतंत्र भूमिका देण्याचे श्रेय मुख्यतः कोलकात्याच्या तापस सेन यांच्याकडे जाते, मिनर्व्हा नाट्यगृहात १९५९ मध्ये त्यांनी दाखवलेला खाणीत शिरणाऱ्या पाण्याचा परिणाम अगदी साध्या साधनांचा होता. महाराष्ट्रात टेंभे, हिलाल व गॅसबत्ती यांच्यानंतर विजेचे स्पॉट आणि जिलेटिन हीच दीर्घकाळ मुख्य सामग्री राहिली. दौऱ्यावरच्या नाटकाला एका नाट्यगृहात हॅलोजन, दुसऱ्यात तिरंगी पार आणि तिसऱ्यात दोन्हींची सरमिसळ मिळते, आणि प्रयोगापूर्वी हाती असलेल्या वेळात लाइट लावून क्यू, म्हणजे प्रकाशबदलाच्या जागा, तपासून घ्यावे लागतात. जुन्या नाटकाच्या प्रकाश-टिपणात रंग फिल्टरच्या क्रमांकाने लिहिलेला असतो. नवी नियंत्रणयंत्रे हे क्रमांक ओळखतात आणि त्यांचा रंग डायोडांतून बनवून देतात. मात्र तो पडद्यावरच्या रंगाशी जुळवायचा की मूळ फिल्टरच्या वर्णपटाशी, हा पर्याय अनेक यंत्रांत चालवणाऱ्यालाच निवडावा लागतो. सायक्लोरामासाठी बहुधा पहिला पर्याय पुरतो, तर वेशभूषा व चेहऱ्यांसाठी दुसरा, थोडे तेज गमावूनही, घेतला जातो.