हॅमॉक मुक्काम

हॅमॉक मुक्काम : तंबूऐवजी दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत रात्र काढण्याची पद्धत. हॅमॉक, त्याला झाडाशी जोडणारी टांगणी, वरचे टार्प (पाऊस अडवणारे कापडी छत), मच्छरदाणी आणि पाठीखालचे ऊबदार आवरण ही तिची पाच अंगे. नवशिक्याचे लक्ष बहुधा कापडाच्या रंगाकडे आणि वजनाकडे जाते. झोप लागणार की नाही हे मात्र टांगणीवर ठरते. नाशिक जिल्ह्यात ही पद्धत मुख्यतः इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या झाडीच्या तालुक्यांत आणि धरणांच्या काठांवर आढळते.

उगम : हॅमॉकच्या उगमाविषयी एकमत नाही. बहुतेक अभ्यासक तो कॅरिबियन बेटे आणि लगतच्या दक्षिण अमेरिकी किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांचा मानतात. बहामा बेटांवरील लोकांचे बिछाने कापसाच्या जाळ्यांसारखे असल्याचा उल्लेख कोलंबसाच्या ऑक्टोबर १४९२ मधील रोजनिशीत येतो. मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. जी वाचली जाते ती लास कासास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने केलेल्या गोषवाऱ्यातून. त्यामुळे शब्दशः वर्णन कोलंबसाचे किती आणि गोषवारा करणाऱ्याचे किती, हे सांगणे अवघड आहे. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५३५ मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथातील वर्णन अधिक तपशीलवार आहे. त्यापूर्वी ही वस्तू किती शतके वापरात होती याचा अंदाज बांधणे कठीण, कारण कापूस आणि वाख दमट उष्ण हवेत टिकत नाहीत. युकातानमधील माया लोकांपर्यंत हॅमॉक स्पॅनिश आक्रमणाच्या थोडा आधी पोहोचला की नंतर, हाही वादाचा मुद्दा आहे.

काही जुन्या लेखनात उगमाचे श्रेय ग्रीसला दिलेले आढळते. अथेन्सचा सेनानी अल्किबिआदीज (इ. स. पू. पाचवे शतक) याने युद्धनौकेच्या फळ्या कापवून आपले अंथरूण दोरांवर टांगून घेतले, असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. परंतु प्लूटार्कचे लेखन घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी झाले. शिवाय हा किस्सा तो अल्किबिआदीजच्या ऐषआरामाचा दाखला म्हणून देतो. एखाद्या रूढ वस्तूचे वर्णन म्हणून नाही. त्यापुढे परंपराही दिसत नाही. कॅरिबियन उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते ते यामुळे.

भारतीय संदर्भात अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील झोक्यावर बसलेल्या नागराजकन्या इरंदतीचे चित्र पुढे केले जाते. ते झोक्याचे चित्र आहे. झोक्यात बैठक ताठ राहते आणि हालचाल महत्त्वाची असते. हॅमॉकमध्ये कापड पोटात झोल घेते आणि स्थिरता महत्त्वाची असते. रचनेच्या दृष्टीने हॅमॉकला जवळची आहे ती बाळाची झोळी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बाया बांधाच्या झाडाला लुगड्याची जी झोळी बांधतात, तिची दोन्ही टोके गोळा करून दोरीत आवळलेली असतात. आजच्या बहुसंख्य हॅमॉकचीही रचना हीच. त्याहून लक्षणीय उदाहरण डोलीचे. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला नेताना चादर किंवा घोंगडी बांबूला बांधतात. बांबूमुळे दोन टोकांमधले अंतर कायम राहते आणि म्हणून झोलही कायम राहतो. आधुनिक हॅमॉकमध्ये हेच काम दोन टोकांना जोडणारी रिजलाइन नावाची दोरी करते, फक्त बांबू दाब सोसतो आणि दोरी ताण. मात्र या साम्यावरून हॅमॉक, झोळी व डोली यांपैकी एकाचा उगम दुसऱ्यात शोधण्यास आधार नाही.

नौकांवर हॅमॉक सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होत गेला. इंग्रजी आरमारात पुढे प्रत्येक खलाशाला टांगण्यासाठी १४ इंच (सु. ३६ सेंमी.) रुंदीची जागा मिळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जाळी आणि छत शिवलेला जंगल हॅमॉक वापरला. हौशी भटक्यांमध्ये ही पद्धत खऱ्या अर्थाने पसरली ती साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, हेनेसीसारख्या उत्पादकांचे तिरपे झोपता येणारे हॅमॉक बाजारात आल्यावर.

टांगणीचे गणित : टांगणीचा पट्टा जमिनीच्या पातळीशी किती कोन करतो यावर त्यातील ताण ठरतो. प्रत्येक बाजूचा ताण म्हणजे वजनाला कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) दुपटीने भागून येणारा आकडा. झोपणाऱ्याचे वजन ८० किग्रॅ. धरले, तर ३० अंशांच्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर ८० किग्रॅ., १५ अंशांत सु. १५५ किग्रॅ. आणि १० अंशांत सु. २३० किग्रॅ. भार येतो. कोन ४५ अंश केला, तर तो सु. ५७ किग्रॅ.पर्यंत उतरतो. दोरी जितकी सपाट ओढावी तितका हॅमॉक खाटेसारखा सपाट होईल, हा नवशिक्याचा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ताण वाढतो, कापडाच्या कडा छातीवर आवळतात, कूस बदलणे अवघड होते. पाठ सपाट ठेवण्याचा उपाय वेगळा आहे : कापडाला पुरेसा झोल देऊन त्यात मध्यरेषेपासून तिरपे झोपावे. त्यासाठी कापड निदान तीन मीटर लांब हवे. उंच व्यक्तीला सु. ३·३५ मी. (११ फूट) लांबी सोयीची पडते.

रिजलाइनची लांबी कापडाच्या ८३ टक्के ठेवावी, असा संकेत आहे. ही टक्केवारी ३० अंशांच्या कोनापासून आली असे सांगितले जाते. पण त्या कोनाची कोज्या (कोसाइन) ०·८६६ आहे, म्हणजे दोन्ही आकडे जुळत नाहीत. ८३ टक्के हा वापरातून स्थिरावलेला आकडा मानणे अधिक योग्य. तो सुरुवातीला घ्यावा आणि आपल्या पाठीच्या सोयीने दोन-चार टक्के मागेपुढे करावा. रिजलाइन असली की पट्टे थोडे जास्त ओढले गेले तरी झोल बिघडत नाही. झाडावरचा आणि पट्ट्यावरचा ताण मात्र त्यामुळे कमी होत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

उंचीचा हिशेब असा : ३·३५ मी.चा हॅमॉक, ८३ टक्के रिजलाइन, पट्ट्याचा कोन ३० अंश, बसण्याची जागा जमिनीपासून ४५ सेंमी. आणि झाडांमधले अंतर ४ मी. असेल, तर पट्टा खोडावर सु. १·६५ मी. उंचीवर येतो. अंतर एक मीटरने वाढले की पट्टा सु. २९ सेंमी. वर न्यावा लागतो. ६ मीटरला तो हात उंचावून जेमतेम बांधता येतो. या एका कारणाने जुनी आमराई, जी पाहताक्षणी आदर्श वाटते, बहुधा निरुपयोगी ठरते. परंपरागत लागवड १० × १० मी. अंतरावर असल्याने पट्टा साडेतीन मीटरच्या आसपास चढवावा लागेल. उलट २ × २ मी. अंतरावरच्या सागवनात शेजारची झाडे फार जवळ पडतात, कर्णावरची २·८३ मी. म्हणजेही अपुरी. तेथे बुद्धिबळातील घोड्याच्या चालीने झाड निवडावे : दोन ओळी पुढे, एक ओळ बाजूला. अंतर सु. ४·५ मी. मिळते आणि मधली झाडे दोन्ही बाजूंना सु. ९० सेंमी. दूर राहतात. विरळणी झालेल्या वनात हा हिशेब अर्थातच बदलतो.

टांगणीचे प्रकार : खोडाभोवती नेहमी रुंद पट्टा असावा. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर दुखावते. रुंदी किमान २·५ सेंमी., पातळ सालीच्या झाडाला ५ सेंमी. चांगली. पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन ताणाखाली लांबतो आणि ओला झाला की अधिकच, त्यामुळे रात्री उंचीवर बांधलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. ट्रकवर माल बांधायचे पट्टे घेताना हाच तपशील पाहावा.

पट्टा आणि हॅमॉक जोडण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. डेझी चेन म्हणजे अनेक फासे शिवलेला पट्टा. हव्या त्या फाशात कॅरॅबिनर (उघडझाप करणारी धातूची कडी) अडकवायचा. शिकायला पाच मिनिटे पुरतात, पण वजन जास्त आणि उंची फाशांच्या टप्प्यांनीच बदलते. दुसरी सिंच बकलची : पट्टा बकलमधून ओढला की घट्ट बसतो, उंची हवी तितकी बारीक बदलते. तिसरी व्हूपी स्लिंगची. ही डायनीमासारख्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या, पोकळ विणीच्या दोरीची असते. दोरीचे टोक तिच्याच पोटातून ओवलेले असते आणि ताण आला की बाहेरची वीण आवळून त्याला धरते. ती वजनाला सर्वांत हलकी. मात्र हा धागा गुळगुळीत असल्याने त्यात साधी गाठ सरकते, आणि तो सु. १५० अंश से.ला वितळतो, चुलीजवळ तो न्यावयाचा नाही. शिवाय तिला स्वतःची काही किमान लांबी लागते, त्यामुळे झाडे जवळ असतील तर ती अडचणीची होते. नवशिक्याने बकलपासून सुरुवात करावी, हे मत प्रस्तुत नोंदकाराला अधिक पटते : डेझी चेनमध्ये कोन चुकला तरी जवळचा फासा पाहून तसेच झोपण्याकडे कल होतो. कॅरॅबिनर कोणताही असो, त्यावर भारक्षमता कोरलेली हवी. १२ किलोन्यूटन म्हणजे सु. १,२२० किग्रॅ.; किल्ल्यांच्या जुडग्याचा कॅरॅबिनर यासाठी नव्हे.

पावसाळ्यात किंवा दवात पट्ट्यावरून पाणी ओघळत हॅमॉकपर्यंत येते. टार्पच्या आत पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडला की ते तेथूनच गळते.

नाशिकची झाडे व जागा : जिल्ह्यातील प्रसिद्ध किल्ल्यांचे माथे या पद्धतीला सोयीचे नाहीत. साल्हेर (१,५६७ मी.), हरिहर यांच्या माथ्यांवर कातळ आणि गवत आहे, पट्टा पेलणारी खोडे नाहीत. मुक्काम पायथ्याच्या झाडीत किंवा मालकाच्या परवानगीने शेतात करावा लागतो. ऐन (सादडा), जांभूळ, हिरडा, आंबा यांची खोडे विश्वासू. गुलमोहर, पांगारा, शेवगा यांचे लाकूड ठिसूळ, बाभळीला काटे. निलगिरीची खोडे सरळ असली तरी वाळक्या फांद्यांसाठी वर पाहून घ्यावे, आणि त्याच नजरेत आग्या मोहोळही शोधावे. द्राक्षमांडवाच्या खांबांना हॅमॉक बांधू नये : ते तारांच्या दिशेने ताण घेण्यासाठी रोवलेले असतात, आडव्या ओढीला झुकतात. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने उसालगतची जागा टाळतात.

हिवाळा हा येथला मुख्य हंगाम, आणि नेमकी तेव्हाच पाठीची अडचण होते. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग दबून निकामी होतो आणि खालून वारा लागतो. थंडीच्या लाटेत निफाडला पारा ५ अंशांखाली उतरतो. अशा रात्री कापडाच्या बाहेरून टांगलेले अंडरक्विल्ट (पाठीखालचे ऊबदार आवरण) हवे. फोमची चटई स्वस्त, पण रात्रभर सरकते. गोधडी खालून बांधण्याचा उपाय चालतो; तिचे वजन पाहता तो गाडी जेथवर जाते तेथवरच.

परवानगी : वनजमिनीवर रात्रीच्या मुक्कामासाठी नाशिक पूर्व किंवा पश्चिम वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. बोरगड व अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती वाढते, तेथे वाट सोडून जागा शोधणे अनुचित. नांदूरमधमेश्वर अभयारण्यात, तसेच जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील प्रवेशाचे नियम लागू होतात. धरणकाठची जमीन बहुधा जलसंपदा विभागाची असते.